‘खुकरी’ बुडाल्यानंतरची रात्र : पार्श्वभूमी

भारत-पाक युद्धात 9 डिसेंबर 1971 रोजी रात्री नऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे 40 सागरी मैलांवर, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने (पाण्याखालून जाणाऱ्या स्फोटक अस्त्राने) भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस खुकरी’चा वेध घेतला आणि 18 अधिकारी व 176 नौसैनिक जहाजाबरोबर तळाला गेले. त्याच युद्धात भारतीय नौदलाने कराचीवर केलेल्या क्षेपणास्त्र हल्ल्यांची कथा वाचकांना पाठ असल्याने ती येथे सांगत नाही.

‘खुकरी’ ही जेमतेम बाराशे टनांची फ्रिगेट, म्हणजे छोटी युद्धनौका, मुंबईहून निघाली होती ती पाणबुडीच्याच शोधात. तिला ‘पाणबुडीविरोधी’ म्हणत असले, तरी तिचे सोनार (ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालील पाणबुडी शोधणारे यंत्र) तोवर जुने झाले होते आणि फ्रेंच बनावटीच्या ‘हंगोर’ला तिची चाहूल कितीतरी आधी लागत असे. सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग त्या वेळी जहाजावर चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीच्या वावराच्या क्षेत्रात संथ चालणे म्हणजे नेम धरायला सवड देणे. प्रयोगाचे मोल काहीही असो, त्याची जागा ही नव्हती, असेच प्रस्तुत लेखकाला वाटते.

जहाज दोन-चार मिनिटांतच बुडाले. त्यामुळे कोण वाचणार, हे बव्हंशी त्या क्षणी कोण कुठे होता यावरच ठरले. उघड्या डेकवर किंवा ब्रिजवर (जहाज हाकण्याच्या कक्षात) असलेल्यांना पाण्यात उडी घेता आली. खालच्या मजल्यांवरच्यांना मात्र अरुंद शिड्या आणि झडपांपाशी झालेल्या गर्दीतून वाट काढायची होती. बचावलेल्यांच्या आठवणींनुसार कप्तानाने तरुण अधिकाऱ्यांना ब्रिजवरून बाहेर ढकलले आणि स्वतः तो शेवटी आपल्या खुर्चीत सिगारेट ओढत बसलेला दिसला. त्याला मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

खरा वाद आहे तो सोबत निघालेल्या ‘कृपाण’ या भारतीय युद्धनौकेविषयी. बुडणाऱ्यांना उचलण्यासाठी न थांबता ती तेथून दूर गेली. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाने सोबतीचे जहाज अंधारात लांब जाताना पाहिले, तर त्याला काय वाटले असेल, हे सांगायला नको. तथापि नौदलांना या प्रसंगाचे उत्तर 1914 मध्येच फार महाग पडून मिळाले होते : उत्तर समुद्रात एका जर्मन पाणबुडीने ‘अबूकिर’ ही ब्रिटिश क्रूझर बुडवली, तिच्या माणसांना वाचवण्यासाठी थांबलेल्या ‘होग’ आणि ‘क्रेसी’ याही तिने बुडवल्या आणि सुमारे 1,450 जण प्राणास मुकले. थांबलेले जहाज हे पाणबुडीला दुसरे सावज असते. ‘कृपाण’वरही टॉर्पेडो सोडले गेले होते. तेव्हा दूर जाणे नियमाला धरून होते. परंतु मदत सकाळी पोहोचली, म्हणजे पाण्यातल्या माणसांनी सारी रात्र समुद्रात काढली, ही बाब त्या नियमाने पुसली जात नाही. निर्णयाची चर्चा नेहमी ब्रिजवरून केली जाते, तराफ्यावरून क्वचितच. मदतीस आलेल्या ‘कच्छल’ या नौदलाच्या जहाजाने उचललेल्यांसह एकूण 67 जण वाचले.

पुढे 1989 मध्ये याच नावाची, माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘खुकरी’ नौदलात आली. डिसेंबर 2021 मध्ये ती निवृत्त झाली आणि संग्रहालय म्हणून दीवला देण्यात आली. जुन्या ‘खुकरी’ची काचेच्या पेटीतली प्रतिकृती असलेले स्मारकही दीवलाच समुद्राकाठी आहे, मूळ जहाज अजून अरबी समुद्राच्या तळाशी आहे.