मनगटावरच्या बँडचं रेडिएशन: किती असतं, आणि काळजी नेमकी कशाची घ्यायची

फिटनेस बँड व स्मार्टवॉचच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सीताबर्डी, नागपूर

बँड घेताना काउंटरवर हमखास येणारा प्रश्न: "हे चोवीस तास हाताला बांधायचं, रात्री झोपतानाही. याच्या रेडिएशननं काही होत तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. त्याला "काही होत नाही हो" एवढं उत्तर पुरेसं नाही, म्हणून हे पत्रक. थोडक्यात सांगायचं तर बँडमधून निघणाऱ्या लहरी फारच क्षीण असतात. बँडमुळे खरोखर होणारा त्रास त्वचेचा आणि बॅटरीचा असतो. आणि ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे, त्यांनी त्यातल्या चुंबकाची काळजी घ्यायची असते.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत युरेनियमच्या बाबतीतही 'किरणोत्सर्ग' म्हणतात आणि मोबाइलच्या बाबतीतही. अर्धी भीती तिथूनच येते. एक्स-रे किंवा गॅमा किरणांच्या एकेका कणात रेणू फोडण्याइतकी ऊर्जा असते. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींच्या कणातली ऊर्जा रेणू फोडायला लागते त्याच्या काही लाख पट कमी असते. अशा लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊब. म्हणून खरा प्रश्न हा की ही ऊब किती.

बॅटरीवरून करायचा हिशेब

हा हिशेब कोणालाही घरी करता येतो. बँडच्या डब्यावर बॅटरीची क्षमता लिहिलेली असते. समजा 200 एमएएच आहे. व्होल्टेज 3.7. गुणाकार केला की 740 मिलिवॉट-तास. बँड एका चार्जिंगवर 7 दिवस चालतो, म्हणजे 168 तास. 740 ला 168 ने भागा, साधारण 4.4 मिलिवॉट येतात. स्क्रीन, हिरवे दिवे, थरथरणारी मोटर, प्रोसेसर आणि ब्लूटूथ हे सगळं मिळून सरासरी एवढ्यावर चालतं. बॅटरीत आहे त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे लहरींच्या वाट्याला यातला लहानसा तुकडाच येतो.

प्रत्यक्षात बँडचं ब्लूटूथ साधारण 1 मिलिवॉटवर चालतं, तेही सलग नाही. काही हजारांश सेकंद माहिती पाठवायची आणि गप्प बसायचं, असं त्याचं काम. आता सर्वांत वाईट शक्यता धरू: 1 मिलिवॉट अखंड सुरू आहे आणि तो सगळाच्या सगळा मनगटातल्या 10 ग्रॅम मांसात शोषला गेला. तरी किलोला 0.1 वॉट होतो. हातापायांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा, 10 ग्रॅमवर सरासरी काढून, किलोला 4 वॉट आहे. म्हणजे 40 पट खाली. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून हँडसेटसाठी 1 ग्रॅमवर सरासरी काढून किलोला 1.6 वॉट ही अधिक कडक मर्यादा आहे. सगळा 1 मिलिवॉट एकाच ग्रॅममध्ये कोंबला, जे होत नाही, तरी आकडा 1 वर येतो.

मोबाइलशी तुलना करा. 4जी फोन टॉवरशी बोलताना 200 मिलिवॉटपर्यंत जातो. जुना 2जी फोन तर क्षणभर 2 वॉटपर्यंत जातो. रेंज कमी असेल तिथे, म्हणजे लिफ्टमध्ये किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये, फोन जोर वाढवतो. दिवसभर शर्टाच्या खिशात फोन आणि काळजी मात्र बँडची, हे उलटं आहे.

ब्लूटूथ कॉलिंगच्या घड्याळांबद्दल गैरसमज खूप आहे. त्या घड्याळात सिम नसतं. तुम्ही मनगटाशी बोलता, पण टॉवरशी बोलतो तो खिशातला फोन. घड्याळाचा वाटा फोनपर्यंत आवाज पोचवण्याइतकाच, काही मिलिवॉटचा. त्यामुळे लांब कॉल असेल तर फोन टेबलावर ठेवा, घड्याळ राहू द्या. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते.

सिमवालं घड्याळ मात्र वेगळं. फोन घरी ठेवून अंबाझरीला फिरायला गेलात की त्या घड्याळालाच टॉवर गाठावा लागतो, आणि त्याचा रेडिओ फोनच्याच तोडीचा असतो. म्हणून अशा घड्याळांची चाचणी दोन प्रकारे होते: एकदा मनगटाला चिकटवून, एकदा तोंडापासून 10 मिलिमीटरवर धरल्यासारखं. चाचणीत उतरलेलं घड्याळ मर्यादेत असतंच, पण दोन सवयी लावायला हरकत नाही. फोन जवळ असताना ब्लूटूथ सुरू ठेवा, म्हणजे घड्याळ सिमऐवजी फोनवरून काम करतं. आणि रात्री विमान मोड लावा. झोप आणि नाडीची नोंद आतल्या आत होत राहते, सकाळी ब्लूटूथ लावलं की ॲपमध्ये उतरते. लहान मुलांच्या सिमच्या घड्याळांनाही हेच लागू.

जीपीएसला घाबरू नका. बँड उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही, नुसतं ऐकतो. मागचा हिरवा दिवा साधा एलईडी आहे, लेसर नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला ते प्रमाण बदलतं, आणि त्यावरून नाडी मोजली जाते.

"पण जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या यादीत टाकलंय ना?" हो. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मे 2011 मध्ये रेडिओ लहरी '2ब' गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित शक्य, पुरावा तोकडा'. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुढे याच संघटनेनं करवून घेतलेला, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा सांगतो की मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसत नाही. ते अभ्यास कानाला लावलेल्या फोनचे आहेत, ज्याच्यापुढे बँड काहीच नाही.

पेसमेकर असेल तर हे आधी वाचा

इथे आम्ही कोणतीही सूट देत नाही. धोका लहरींपेक्षा चुंबकाचा. घड्याळात, त्याच्या चार्जरमध्ये आणि चुंबकानं चिकटणाऱ्या जाळीच्या पट्ट्यात चुंबक असतात. चुंबक जवळ आला की पेसमेकर ठरावीक गतीनं ठोके द्यायला लागतो आणि छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र (आयसीडी) धोक्याचे ठोके ओळखणं थांबवू शकतं. मुद्दाम तशी सोय केलेली असते, डॉक्टरांना तपासणीसाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2021 मध्ये सल्ला दिला की अशी घड्याळं आणि फोन यंत्रापासून 6 इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर लांब ठेवावेत. सरळ उभं असताना हे अंतर राहतंच. पण छातीवर हात ठेवून झोपलं, की संपलं. म्हणून झोपताना घड्याळ काढा, चार्जर शर्टाच्या खिशात ठेवू नका.

दुसरं, 'बॉडी कॉम्पोझिशन' किंवा चरबी मोजणारं फीचर शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडतं. पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नये, आणि चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यावरही उभं राहू नये. खरेदीआधी मॉडेलचं नाव लिहून तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. घेण्याची घाई आमच्याकडून होणार नाही. एमआरआयला जाताना बँड प्रत्येकानंच काढायचा.

"जळल्यासारखा डाग पडलाय"

बहुतेक तक्रारी ह्या असतात, आणि बहुतेकांना तो रेडिएशनचा डाग वाटतो. बँड सोडवा आणि डागाचा आकार नीट बघा, तोच बरंच सांगतो.

पट्ट्याच्या रुंदीएवढं लाल कडं आणि त्यात बारीक पुटकुळ्या असतील तर ते घामोळं. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम कोंडतो, त्यात आंघोळीचा साबण अडकतो, वर पट्टा घट्ट. बकल जिथे टेकतं नेमकं तिथेच खाजरा चौकोन असेल तर निकेलची ॲलर्जी समजा. ज्यांना बेन्टेक्सचे कानातले चालत नाहीत, त्यांना हा त्रास जास्त. चांगल्या 316एल स्टीलमध्येही 10 ते 14 टक्के निकेल असतं, फक्त ते घट्ट बांधलेलं असतं. घामातल्या मिठानं स्वस्त मुलाम्यातून ते लवकर सुटतं. उपाय पट्टा बदलण्याचा: टायटॅनियम बकल किंवा कापडी वेल्क्रो.

आणि मधोमध दोनच ठिपके, चार्जिंगच्या पिनांच्या अंतरावर, त्यातला एक जास्त खोल? हा बँड पुन्हा घालू नका. पिनांवर बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) उघडा राहिला आहे. उलटा प्रवाह अडवणारा भाग निकामी झाला की असं होतं. घाम म्हणजे मिठाचं पाणी, त्यातून प्रवाह वाहतो, ऋण पिनेखाली अल्कली तयार होते आणि ती कातडी खाते. केबल काढलेली असताना मल्टिमीटर डीसीवर लावून दोन्ही पिना मोजा. 3 व्होल्टच्या पुढे सतत दाब दिसला तर बँड बाद.

रोजची काळजी साधी आहे. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, आणि पट्ट्याखाली करंगळी सरकेल इतका सैल. व्यायामापुरता एक घर घट्ट, मग पुन्हा सैल. फिरून आल्यावर साध्या पाण्यानं धुवा, साबण लावलाच तर निथळून काढा, सुती कापडानं पिनांसकट कोरडा करा. दिवसातून तास-दोन तास मनगट मोकळं ठेवा, आंघोळीची वेळ त्यासाठी उत्तम. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात नकोच. डाग आठवड्यात गेला नाही किंवा पाणी सुटलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, मलम स्वतःच्या मनानं लावू नका.

नागपूरचं ऊन आणि बॅटरी

घड्याळं मोठ्या संख्येनं परत मागवली गेली ती कशासाठी ते बघा. फिटबिटनं 2014 मध्ये 'फोर्स' बँड परत घेतला तो त्वचेच्या त्रासामुळे. मार्च 2022 मध्ये 'आयोनिक' परत मागवलं ते बॅटरी तापून चटके बसल्यामुळे, सुमारे 17 लाख घड्याळं विकली गेली होती.

लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असा साधारण नियम. नवतप्यात आपल्याकडे सावलीतच पारा तिथे पोचतो. दुचाकीची डिकी आणि उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तर फारच तापतात. तिथे बँड ठेवू नका. उन्हातून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा, तेही कूलर-पंख्याच्या खोलीत. 5 व्होल्ट 1 अँपियरचा साधा ॲडॉप्टर पुरतो. ओल्या पिना चार्जिंगला लावल्या की काळ्या-हिरव्या पडतात. सुकल्यावर जुन्या टूथब्रशनं हलकेच घासा. चुंबकी केबल प्लगमध्ये तशीच लोंबकळत ठेवू नका, किल्ली किंवा नाणं चिकटून शॉर्ट होतं. मनगटावर असताना चार्जिंग कधीही नाही.

स्क्रीनची एक कड उचलली, मागचं झाकण फुगलं, किंवा बँड नुसता पडून असतानाही कोमट लागला, तर बॅटरी फुगते आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका.

रेडिएशन रोखणारे स्टिकर आणि पेंडंट आम्ही विकत नाही. स्टिकर खरोखर लहरी अडवत असेल तर फोन उलट जोर वाढवतो. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं '5जीपासून वाचवणारी' 10 उत्पादनं तपासली, तर ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. मोबाइलमधल्या 'रेडिएशन मीटर' ॲपवरही जाऊ नका. ते फोनमधल्या होकायंत्राचं वाचन दाखवतं. पृथ्वीचं चुंबकत्व इथे साधारण 40 ते 45 मायक्रोटेस्ला आहे, बँडच्या चार्जिंग चुंबकाजवळ आकडा शेकड्यात जातो आणि माणूस उगाच घाबरतो. ब्लूटूथच्या लहरी त्या ॲपला दिसतच नाहीत.

घेताना डब्यावर किंवा मागच्या बाजूला बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का पाहा. बिलाशिवाय मिळणाऱ्या मालात तो नसतो किंवा खोटा असतो, म्हणून बीआयएसच्या ॲपवर टाकून खात्री करा.

तक्रार घेऊन येताना बँडसोबत चार्जिंग केबल आणि ॲडॉप्टरही आणा, आणि डागाचा पहिल्या दिवशीचा फोटो असेल तर तो जपून ठेवा. दोन-तीन दिवसांत आकार पुसट होतो, मग कारण ओळखणं अवघड जातं.