लेन, डिक ‘नाइट ट्रेन’

लेन, डिक ‘नाइट ट्रेन’ : (१६ एप्रिल १९२८ – २९ जानेवारी २००२). अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडू; मागच्या फळीतला बचावपटू, तिकडच्या भाषेत डिफेन्सिव्ह बॅक. लॉस एंजेलिस रॅम्स (१९५२–५३), शिकागो कार्डिनल्स (१९५४–५९) आणि डेट्रॉइट लायन्स (१९६०–६५) या तीन संघांकडून तो नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) १४ मोसम खेळला. पहिल्याच मोसमात त्याने प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास मधल्यामध्ये पळवले. तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

या जागेचे काम समजल्याशिवाय त्या आकड्याची किंमत कळत नाही. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो आणि रिसीव्हर तो झेलायला धावतो. आपण कुठे वळणार हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असते. बचावपटूला ते समोरच्याच्या हालचालीवरून ताडावे लागते, तेही बऱ्याचदा उलट्या पावलांनी धावत. चेंडू नुसता हाताने उडवून लावला तरी काम भागते. तो स्वतःच झेलला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात आणि चेंडूचा ताबा तिथल्या तिथे आपल्या संघाकडे येतो.

लेनचा जन्म टेक्सास राज्यातील ऑस्टिनचा. तीन महिन्यांचा असताना त्याला कचऱ्यात टाकून दिले होते. एला लेन या विधवेने आवाज ऐकला तेव्हा तिला आधी मांजर ओरडतेय असे वाटले. जवळ जाऊन पाहते तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले मूल. पदरी स्वतःची मुले असतानाही तिने ते घरी नेले, पुढे रीतसर दत्तक घेतले. शाळेत, म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीयांसाठीच्या अँडरसन हायस्कूलमध्ये, तो फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळला. नंतर जन्मदात्या आईकडे नेब्रास्कातील स्कॉट्सब्लफला जाऊन तिथल्या ज्युनिअर कॉलेजात त्याने एक वर्ष काढले. त्याचे महाविद्यालयीन शिक्षण आणि खेळ एवढाच. मग लष्करात चार वर्षे. फोर्ट ऑर्ड या तळाच्या संघातून तो पास झेलणारा एंड म्हणून गाजला.

लष्करातून सुटल्यावर लॉस एंजेलिसमधल्या विमान कारखान्यात त्याला ‘फाइलर’ म्हणून नोकरी लागली. त्याला वाटले, कचेरीत बसून कागद फाइलींना लावायचे असतील. प्रत्यक्षात तेल गळणारे जड पत्रे उचलून खणांत लावायचे काम निघाले. १९५२ मध्ये एके दिवशी कात्रणांची वही काखोटीला मारून तो सरळ रॅम्सच्या कार्यालयात गेला आणि प्रशिक्षक जो स्टायडाहार याच्याकडे संधी मागितली. रॅम्स हे त्या वेळचे विजेते. १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेऊन एनएफएलची बारा वर्षांची अघोषित वर्णबंदी मोडणारा संघही हाच. स्टायडाहारने त्याला सराव शिबिरात घेतले. गंमत म्हणजे तो मोसम सुरू होऊन एकच सामना झाला आणि स्टायडाहारलाच पद सोडावे लागले. त्याने घेतलेला पोरगा मात्र राहिला.

आला होता तो पास झेलायला. पण त्या जागी टॉम फिअर्स आणि एलरॉय हिर्श असे दोन मातब्बर होते, तिथे नव्याला वाव कुठला? म्हणून त्याला बचावात उभे केले गेले. लेनच्या यशाचे मूळ माझ्या मते या फिरवाफिरवीत आहे. सहा फूट एक इंच उंची, लांब हात आणि झेलणाऱ्याची नजर घेऊन तो बचावात आला. बाकीचे बचावपटू माणसाकडे बघत. याचे लक्ष चेंडूवर. रिसीव्हरपासून मुद्दाम अंतर सोडायचे, तो मोकळा आहे असे क्वार्टरबॅकला भासू द्यायचे आणि चेंडू हातातून सुटला की झेप घ्यायची, हा त्याचा जुगार होता. जुगार कधी अंगलटही येई.

तेव्हा मोसमात १२ सामने असत. पुढे ते १४, १६ आणि २०२१ पासून १७ झाले, पास फेकण्याचे प्रमाणही कितीतरी वाढले. तरी लेनच्या सर्वांत जवळ आले ते १३ वर थांबलेले. १९८० मध्ये १६ सामने मिळूनही ओकलंडचा लेस्टर हेज १३ वरच अडला.

टोपणनावाची कथा त्याच पहिल्या शिबिरातली. डावपेच समजून घ्यायला तो फिअर्सच्या खोलीवर जाई आणि फिअर्सच्या फोनोग्राफवर बडी मॉरोची ‘नाइट ट्रेन’ ही तबकडी सारखी वाजत असे. सहकाऱ्यांनी तेच नाव चिकटवले. काळ्या माणसाला ‘रात्रीची गाडी’ म्हणणे त्याला सुरुवातीला खटकले. मग वॉशिंग्टन संघाच्या चार्ली ‘चू चू’ जस्टिसला त्याने मैदानावर आडवे केले, आणि नाइट ट्रेनने चू चूला रुळावरून घसरवले अशा थाटाचा मथळा वर्तमानपत्रात आला. तेव्हापासून हे नाव त्याने आपले म्हटले.

त्याची दुसरी ओळख कमी सुखाची आहे. धावत्या खेळाडूला तो पायांत अडवत नसे, मानेवर हात टाकून पाडत असे. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीत मान अडकावी तसा माणूस जागच्या जागी उताणा होई. या पकडीला ‘नाइट ट्रेन नेकटाय’ म्हणत. त्याचे गणित साधे होते: पाय धरले तर माणूस पुढे पडतो आणि पडतापडता यार्ड-दोन यार्ड मिळवून जातो, मान धरली की तिथेच संपला. शिरस्त्राणाची तोंडावरची जाळी धरून ओढण्यातही तो तरबेज होता. जाळी धरण्यावर १९५६ मध्ये बंदी आली, पण चेंडू घेऊन धावणाऱ्याचा अपवाद ठेवला होता. १९६२ मध्ये तोही काढून टाकला. मानेवरची पकडही पुढे नियमबाह्य ठरली. या नियमांमागे एकटा लेन नव्हता, पण त्यांची चर्चा निघाली की पहिले नाव त्याचेच येते.

कार्डिनल्सकडे गेल्यावर १९५४ मध्ये १० इंटरसेप्शन करून तो पुन्हा लीगमध्ये पहिला आला. १९५५ मध्ये त्याला अधूनमधून आक्रमणातही खेळवले, तेव्हा ग्रीन बे संघाविरुद्ध ९८ यार्डांचा टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवणारा) त्याने झेलला. संघ मात्र रडतखडतच चालला. त्याच्या सहा मोसमांत फक्त १९५६ मध्ये विजय पराभवांपेक्षा जास्त भरले. डेट्रॉइटला त्याला खरी सोबत मिळाली. येल लॅरी, डिक लबो आणि लेन हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान-दालनात, गेले. १९६२ च्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाला, याच लायन्सनी ग्रीन बेला २६–१४ असे हरवले, त्या वर्षीचा ग्रीन बेचा एकमेव पराभव. अजिंक्यपद लेनच्या वाट्याला कधीच आले नाही. कारकिर्दीत एकूण ६८ इंटरसेप्शन. निवृत्तीच्या वेळी त्याच्या पुढे फक्त एम्लेन टनेल (७९) होता.

जुलै १९६३ मध्ये त्याने प्रख्यात गायिका डायना वॉशिंग्टन हिच्याशी लग्न केले. १४ डिसेंबरच्या सकाळी डेट्रॉइटच्या घरात ती त्याला मृतावस्थेत सापडली. झोपेच्या औषधांचे मिश्रण घातक ठरले होते. ती ३९ वर्षांची होती.

१९६९ मध्ये लीगच्या पहिल्या ५० वर्षांतील सर्वोत्तम कॉर्नरबॅक (कडेला उभा राहणारा डिफेन्सिव्ह बॅक) म्हणून त्याची निवड झाली, १९७४ मध्ये हॉल ऑफ फेम मिळाले. १९७५ ते १९९२ पर्यंत त्याने डेट्रॉइट पोलिसांची ॲथलेटिक लीग चालवली. शहरातल्या मुलांना मैदानावर आणणे हे तिचे काम. अखेरची वर्षे मधुमेह आणि गुडघ्यांच्या दुखण्यात गेली. हृदयविकाराच्या झटक्याने ऑस्टिनमध्ये त्याचे निधन झाले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या लीगच्या शतकी संघातही त्याचे नाव आहे.