जिम सोडली की मसलची चरबी होते? नाही होत!

आमच्या सोलापुरात तालमीत जाणाऱ्या प्रत्येक पोराला घरचे एकदा तरी म्हणतातच, नको बे, उद्या सोडलंस की सगळ्या अंगाची चरबी होणार. आणि मग दाखल्याला गल्लीतला एखादा पोट सुटलेला जुना पैलवान असतोच.

पण स्नायू आणि चरबी या दोन वेगळ्याच पेशी आहेत, एकीची दुसरी होत नाही. होतं काय तर तालीम बंद होते पण खुराक तोच राहतो, आधी जोर-बैठकांत जिरणारं दूध-तूप आता साठायला लागतं, आणि दुसरीकडे काम नाही म्हणून स्नायूचे तंतू हळूहळू बारीक होतात.

गड्ड्याच्या यात्रेत 2 आठवडे सुट्टी झाली तर घाबरू नका हो. तेवढ्यात ताकद फारशी जात नाही, दंड सैल वाटतो तो बराचसा स्नायूतली साखर म्हणजे ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी कमी झाल्यामुळे, 1 ग्रॅम ग्लायकोजेनमागे साधारण 3 ग्रॅम पाणी असतं. परत सुरू केलं की पहिल्यापेक्षा लवकर भरून येतं. म्हणून पोरांना अडवू नका प्लीज, सोडलीच तर फक्त ताटातलं थोडं कमी करा.