‘नस दबलीय’ या दोन शब्दांमागे: परिघीय मज्जातंतूंच्या इजेची पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसखाली हात सापडलेला कामगार, घोडबंदर रोडवर बाइक घसरून खांद्यावर आपटलेला मुलगा आणि वीस वर्षं मधुमेह अंगावर वागवणाऱ्या नौपाड्यातल्या आजी. तिघांच्याही घरी आजाराचं नाव एकच असतं: ‘नस दबलीय.’ यातल्या एकाचीही नस नुसती दबलेली नाही. कामगाराची तुटली आहे, मुलाची मुळातून उपटली गेली आहे आणि आजींची टोकाकडून हळूहळू झिजते आहे.

गोंधळ ‘नस’ या शब्दापासूनच सुरू होतो. रक्त काढताना सापडत नाही ती नस म्हणजे रक्तवाहिनी. नसबंदीतली नस म्हणजे शुक्रवाहिनी. रात्री पोटरीत गोळा आला की ‘नसेवर नस चढली’ म्हणतात, तिथे आखडलेला असतो स्नायू. मनगटावर दोरीसारखी उठून दिसते ती बहुतेक वेळा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी चिवट पट्टी, असते. आणि मेंदू-मज्जारज्जूकडून हातापायांकडे संवेदना व हालचालीचे संदेश नेणारी-आणणारी, म्हणजे या टिपणाचा विषय असलेली, तीही नसच. पुस्तकी शब्दांनी हे सुटत नाही. ‘मज्जातंतू’ म्हटलं की आयुर्वेदातल्या सप्तधातूंपैकी हाडातली मज्जा डोळ्यांसमोर येते, आणि तिचा इथे काही संबंध नाही. शाळेच्या पुस्तकांत आता ‘चेतातंतू’ आहे. शब्द चांगला आहे, पण दवाखान्यात कुणाच्या तोंडी नाही. ‘स्नायू’ची गंमत वेगळीच: मराठीत तो मांसल स्नायू, तर बंगालीत आणि पुष्कळदा हिंदीतही तोच शब्द नसेसाठी. ठाण्यात एकाच बाकावर मराठी आणि हिंदी बोलणारे पेशंट बसतात, तेव्हा हा फरक रोज आड येतो. दोष एकट्या मराठीचा नाही. ग्रीक ‘न्यूरॉन’चाही मूळ अर्थ कंडराच होता.

मला खटकतं ते क्रियापद. ‘दबली’ म्हटलं की दाब काढला म्हणजे झालं, असं मनात बसतं. मग मालीश, शेक, पट्टा, आणि यात तीन-चार महिने सहज जातात. प्रत्यक्षात इजेचा प्रकार बदलला की हातात उरलेला वेळही बदलतो.

नस कापल्यावर तिचा तोडलेल्या जागेपुढचा भाग मरतो, हे १८५० मध्ये बेडकांवरच्या प्रयोगांतून कळलं होतं. आज वापरतात ती विभागणी दुसऱ्या महायुद्धातली, जखमी सैनिकांच्या हातापायांवरून १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेली. पहिल्या प्रकारात नस शाबूत असते, फक्त संदेश अडतो; बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटतो. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण नळीसारखं वेष्टण टिकतं, म्हणून नवे तंतू वाट धरून वाढू शकतात. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते आणि शस्त्रक्रियेशिवाय जुळत नाही. १९५१ मध्ये याच्या पाच पायऱ्या झाल्या. सर्जनला त्या लागतात. घरच्यांना तीन प्रकार नीट सांगितले तरी खूप झालं.

नवे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. खांद्यापासून तळहातापर्यंत ६०-७० सेंटिमीटर धरा, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. नसेशिवाय राहिलेला स्नायू मात्र १२ ते १८ महिन्यांनंतर सहसा दाद देत नाही. म्हणून बाइकवरून पडून हात लुळा पडला आणि तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही, तर नसांच्या सर्जनकडे जायला आणखी थांबणं परवडत नाही. शस्त्रक्रियेचा चांगला काळ साधारण सहा महिन्यांपर्यंतचा. मज्जारज्जूतूनच मूळ उपटलं असेल तर शिवायला टोकच नसतं. अशा वेळी शेजारच्या चालू नसेतले काही तंतू वळवून कोपर वाकवायची सोय करतात. ही पद्धत १९९४ पासूनची. एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, पहिल्याच आठवड्यात करून ‘फारसं काही नाही’ असं ऐकून घरी आलेले लोक मी पाहिले आहेत. इजेचं खरं चित्र उमटायला दोन-तीन आठवडे जावे लागतात.

आपल्याकडे एके काळी नसेच्या दुखण्याचं सर्वांत भीतिदायक नाव कुष्ठरोग होतं. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी नस या रोगात जाड होते आणि बोटं आत वळतात. कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवणारा १८९८ चा कायदा होता. १९८३ पासून देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली, डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण झाले. कायदा मात्र २०१६ मध्ये गेला, आणि घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला. औषध आलं आणि कायदा हटायला तीस-पस्तीस वर्षं लागली. पनवेलजवळ नेऱ्याच्या वसाहतीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यासाठी हा उशीर फार मोठा होता.

आज ती जागा मधुमेहाने घेतली आहे. सर्वांत लांब नसा आधी झिजतात, म्हणून सुरुवात तळपायांतून. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, ही तक्रार पूर्वी कुष्ठरोगात ऐकू यायची, आता साखरेत. शिवाय नसा बिघडवणारी आणखी कारणं आहेत: बी-१२ ची कमतरता, दारू, केमोथेरपी, टीबीचं आयसोनियाझिड, मुलांच्या कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेलं इंजेक्शन. कारखान्यांतली सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारी रसायनंही. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे पाय गोंदातल्या हेक्झेनने लुळे पडले होते. तेव्हा नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कामगाराला पायांत मुंग्या येत असतील, तर साखरेबरोबर त्याच्या कामाचीही चौकशी व्हायलाच हवी.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम) रुग्ण वाढले, तेव्हा नसांचा विषय घरोघरी पोचला. यात पोटाच्या संसर्गानंतर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. अशक्तपणा सहसा पायांतून सुरू होऊन काही दिवसांत वर चढतो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. अशा पेशंटला जिना चढवेना म्हणून ‘नस दबली असेल’ म्हणत घरी तेल चोळत बसलं, तर रुग्णालयात पोचेपर्यंत व्हेंटिलेटर लागण्याची वेळ आलेली असू शकते.