तीव्र वादळांविषयीच्या इंग्रजी शब्दजोड्या

तीव्र वादळाचे वर्णन करताना इंग्रजीत काही विशेषणे, नामे आणि क्रियापदे ठरलेल्या सोबतीनेच येतात. अशा रूढ सोबतीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी 1950च्या दशकात ही संज्ञा रुजवली. मराठीत तिला शब्दसंगती म्हणता येईल.

ही संगती अर्थावरून ताडता येत नाही, ती कानांनीच शिकावी लागते. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. दोन्ही विशेषणांतून जोरच सांगायचा असला, तरी ‘स्ट्राँग रेन’ कानाला खटकते. मराठीतही मुसळधार पाऊसच असतो आणि सोसाट्याचा वाराच, म्हणून ‘हेवी रेन’चा ‘जड पाऊस’ करणारा अनुवाद लगेच उघडा पडतो. क्रियापदांत हे अंतर अधिकच वाढते. इंग्रजी वादळ ‘ब्रू’ होते, म्हणजे बिअर मुरावी तसे आतल्या आत तयार होत राहते. आपल्याकडे आभाळ भरून येते आणि वादळ घोंघावू लागते. पुढे ते ‘रेज’ करते, आपले थैमान घालते. शेवटी इंग्रजीत ‘ब्लो ओव्हर’ होते, आपल्याकडे शमते.

बऱ्याच जोड्यांना समुद्राचा वास आहे. ‘मेक लँडफॉल’मधील लँडफॉल हा मुळात नाविकांचा शब्द असून लांबच्या सफरीनंतर जमीन प्रथम दृष्टीस पडणे हा त्याचा अर्थ होता, आता चक्रीवादळाचे केंद्र किनारा ओलांडते तेव्हा तो वापरतात. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नागपुरात ही जोडी केवळ बातम्यांतून भेटते. येथे ओळखीच्या आहेत त्या ‘गस्टी विंड्स’, म्हणजे झोताझोताने येणारा वारा, आणि ‘हेलस्टॉर्म’, म्हणजे गारपीट. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडच्या संत्राबागांवर गारपीट होते तेव्हा मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याची) तयार फळे आणि आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरीस येणारा) फुलोरा एकाच माऱ्यात खाली येतो. इंग्रजी बातमी त्याला ‘क्रॉप डॅमेज’ म्हणून मोकळी होते; मराठीत संत्र्याची फळगळ होते, पण गहू आडवा होतो.

काही जोड्या मात्र मोजून दिलेल्या आहेत, तेथे शैलीची सवलत नाही. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात ‘सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म’ म्हणजे ताशी 89 ते 117 किलोमीटर वाऱ्याचे चक्रीवादळ, तर ‘हेवी रेन’ म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा मराठीत आणणाऱ्याने म्हणूनच ‘सिव्हिअर’साठी ‘तीव्र’ सोडून ‘भयंकर’ लिहू नये.

वादळानंतरची इंग्रजी जोडी ‘डाउन्ड पॉवर लाइन्स’, म्हणजे तुटून पडलेल्या वीजतारा. नागपुरातही ‘लाइन’ हाच शब्द चालतो, पण येथे ती पडत नाही, जाते; तारा शाबूत असल्या तरी ‘लाइन गेली’ आणि पंखा फिरू लागला की ‘लाइन आली’.