पहिलं गिऱ्हाईक

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं आणि आपल्याकडे दोन दिवस फक्त आकड्याची चर्चा झाली. ते चित्र मुळात घेतलं कुणी, हे बहुतेक बातम्यांमध्ये तळाशी होतं. लिऑन एलियास व्होलोदार्स्की नावाचे एक शल्यविशारद जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आले होते. त्यांनी १९५४ साली ते घेतलं, नॉर्वेला नेलं आणि पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं. हुसेन तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. जाणकारांत नाव झालं होतं, पण ज्याला बाजार म्हणतात तो कुठे नव्हता.

या देशात नव्या चित्रकाराचं चित्र पहिल्यांदा कोण विकत घेत आलं, याचा माग काढायचा तर मुंबईपासूनच सुरुवात करावी लागते.

जे. जे. स्कूल १८५७चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची. प्रदर्शनं व्हायची, पदकं मिळायची. अमृता शेरगिलला सोसायटीचं सुवर्णपदक १९३७ साली मिळालं. पण चित्रकाराचं पोट चालायचं ते व्यक्तिचित्रांवर. गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक, गोरे अधिकारी आणि पारशी शेटजी. मराठी मध्यमवर्गाला चित्रांचं वावडं होतं असं मुळीच नाही, फक्त त्याचं चित्र छापील होतं. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. नंतर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे चित्रकार आले. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कापून, काच लावून टांगलेल्या भिंती मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या माणसांना नजर नव्हती असं कोण म्हणेल? मूळ चित्र ही आपण विकत घेण्याची वस्तू आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगणारे बाहेरून आले. रुडॉल्फ फॉन लायडन हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ १९३३मध्ये भारतात आला आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहू लागला. वॉल्टर लँगहॅमर हिटलरच्या तावडीतून सुटून व्हिएन्नाहून आला नि टाइम्सचा कलासंचालक झाला. इमॅन्युएल श्लेसिंजरही व्हिएन्नाचाच. त्याने इथे औषधांचा धंदा काढला. युरोपातली आधुनिक चित्रकला या तिघांनी जवळून पाहिली होती. लँगहॅमरच्या नेपियन सी रोडवरच्या घरी चित्रकारांची बैठक भरे, लायडन त्यांच्यावर लिही, श्लेसिंजर विकत घेई. १९४७मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातला आरा घरकाम करणारा, गाड्या धुणारा पोरगा. चित्रं आपली आपणच शिकलेला. अशा मुलांची चित्रं पैसे मोजून घेणं ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. (हे संग्राहक श्रीमंत होते खरे, पण शहरात त्यांच्याहून श्रीमंत माणसं शेकड्यांनी होती.)

मग केकू गांधींचं फ्रेमचं दुकान. 'केमोल्ड' हे नाव 'केमिकल मोल्डिंग'वरून आलेलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या या दुकानाच्या काचेत ते तरुण चित्रकारांची चित्रं लावत. फ्रेम करायला आलेला माणूस चौकटीसोबत आतलं चित्रही घेऊन गेला तर दोघांचंही भलं. १९५२मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली आणि चित्रं मांडायला हक्काची जागा झाली. १९६३मध्ये तिथेच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली, आणि त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनला काली पंडोल यांची गॅलरी. सतत चालणारा, चित्रकाराला सांभाळून घेणारा गॅलरीचा धंदा मुंबईत रुजला तो तेव्हापासून.

सरकारी पैशाची गोष्ट मला याहून मजेशीर वाटते. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खर्चातला एक टक्का चित्रखरेदीसाठी वापरायची परवानगी पंडित नेहरूंकडून मिळवली. अणुशास्त्रज्ञ प्रदर्शनाच्या उद्घाटनाला वेळेआधी जाऊन चित्रं हेरायचा! त्याच सुमारास एअर इंडियाला जगभरातल्या आपल्या कार्यालयांच्या भिंती सजवायच्या होत्या. १९५६मध्ये कंपनीने बी. प्रभा यांची सहा चित्रं घेतली, प्रत्येकी ८७.५० रुपयांना. प्रभाताई नागपूरजवळच्या बेल्याच्या. जे. जे.तून नुकतीच बाहेर पडलेली, नवरा शिल्पकार, मुंबईत नवा संसार. तिला एका सरकारी कंपनीने अर्धा डझन चित्रांचं काम द्यावं, यातला आधार आज रुपयांत मोजता येणार नाही.

पुढची चाळीस वर्षं संथ. खरी उसळी २०००नंतरची. सॅफ्रनआर्ट या लिलाव कंपनीने लिलाव संगणकाच्या पडद्यावर आणले, परदेशातले भारतीय बोली लावू लागले. २००२मध्ये तैयब मेहतांचं 'सेलिब्रेशन' दीड कोटीला गेलं, २००५मध्ये त्यांच्या 'महिषासुर'ने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. मग शेअर घ्यावेत तशी पंचविशी-तिशीतल्या मुलांची चित्रं घेतली गेली, चित्रांत पैसे गुंतवणारे फंड निघाले, आणि २००८च्या मंदीत सगळं आपटलं. माझ्या मते त्या तेजीत सर्वांत जास्त मार बसला तो या तरुणांनाच. वर गेलेला भाव खाली आणणं चित्रकाराच्या हातात नसतं. जुनं गिऱ्हाईक दुखावतं आणि नवं येत नाही.

लिलावातल्या चढ्या भावातून चित्रकाराला काय मिळतं, हा प्रश्न इथे येतोच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ५३अ हे कलम आलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मिळतो, कमाल दहा टक्के. कागदावर फार चांगलं कलम आहे. व्यवहारात ते क्वचितच कुणी मागतं, आणि मागितल्याशिवाय देणारा दलाल अजून मला भेटायचा आहे.

म्हणून तरुण चित्रकाराची भिस्त आजही पहिल्या विक्रीवरच. गॅलरीतून विकलं तर तिसरा हिस्सा, कधी निम्मी किंमत गॅलरीची. जहांगीरमध्ये स्वतःचं प्रदर्शन लावायचं तर तारखेसाठी काही वर्षं थांबायची तयारी हवी. नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी तिथे पावसाळ्यात 'मान्सून शो' असतो, जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन असतं, आणि गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर तर बारा महिने चित्रं टांगलेली. तिथे चित्रकार स्वतः उभा असतो. किंमत विचारली की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग सांगतो.