गाडीच्या रंगावर घरच्या घरी काय लावायचं: वॅक्स, सीलंट की सिरॅमिक?

दोन-तीन वर्षं रोज वापरलेली कुठलीही गाडी उन्हात जरा तिरकी बघा. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं ना, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे दिसतील. गंमत म्हणजे ते ओरखडे गोल नसतातच, सगळ्या दिशांना वेडेवाकडे गेलेले असतात, पण जे उजेडाला आडवे येतात तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश फेकतात, बाकीचे दिसतच नाहीत, म्हणून जाळं विणल्यासारखं वाटतं. डोकं हलवा, जाळंही सरकतं.

हे ओरखडे येतात कुठून? बहुतेक वेळा आपल्याच हातून, धुताना आणि पुसताना. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोह्स स्केलवर (खनिजं किती कठीण ते मोजणारी १ ते १० ची पट्टी) क्वार्ट्झची कठीणता ७, आणि ते आपण कोरड्या फडक्याने घासतो कशावर, तर क्लिअर कोटवर, जो शेवटी प्लास्टिकच्याच जातीचा पारदर्शक थर आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर हा क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. सूर्याच्या यूव्ही किरणांपासून खालचा रंग वाचवणारी रसायनं त्याच्यातच असतात. ओरखडे घालवायला पॉलिश करतो तेव्हा आपण हाच थर थोडा थोडा खरवडत असतो, आणि तो परत वाढत नाही.

आता वर काय लावायचं. कार्नॉबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, त्या पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडानेच केलेली ती सोय. चमक सुंदर येते, लावायला सोपं, पण ते रंगाला नुसतं चिकटून बसतं, उन्हाने आणि शॅम्पूने काही आठवड्यांत निघून जातं. सिंथेटिक सीलंटमधले पॉलिमर जास्त घट्ट धरतात, काही महिने टिकतात, आणि आता तर स्प्रेमध्ये मिळतात, धुतल्यावर फवारायचं आणि मायक्रोफायबरने पुसून घ्यायचं, झालं.

सिरॅमिक कोटिंगची गोष्ट वेगळी. बऱ्याच कोटिंगमध्ये पॉलिसिलाझेन किंवा सिलोक्सेन ही सिलिकॉनयुक्त रसायनं असतात, हवेतला ओलावा घेऊन ते सिलिकासारखं, म्हणजे काचेच्या जातीचं, जाळं तयार करतं आणि क्लिअर कोटला घट्ट धरून बसतं. म्हणून ते वर्ष-दोन वर्षं टिकू शकतं. पण थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा! डब्यावर ‘९एच’ लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो आकडा पेन्सिलीचा आहे, चाचणीत ९एच पेन्सिल ४५ अंशात धरून ठरलेल्या वजनाने दाबून फिरवतात आणि चरा पडतो का ते बघतात. मोह्स स्केलवरचं ९ म्हणजे माणिक-नीलम, त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही. त्यामुळे धुळीचं फडकं कोटिंगवरही ओरखडे पाडणारच आणि उडालेला दगड तर सरळ आरपार जाणार. दगडाला खरोखर अडवते ती पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, पण वळणदार भागांवर ती स्वतः बसवणं फार अवघड, नवख्याने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत.

मग या पातळ थरांचा उपयोग काय? घाण चिकटत नाही, त्यामुळे घासावं कमी लागतं, आणि पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या गोष्टींना रंगापर्यंत पोचायला वेळ लागतो. उन्हात क्लिअर कोट थोडा मऊ होतो, वर विष्ठा वाळून कडक होते, आणि गार होताना तो तिच्याच आकारावर घट्ट बसतो, तोच डाग कायमचा राहतो. कोटिंग असलं तरी लगेच भिजवून काढायला हवीच.

या थरांवर पाण्याचे मोती होतात, ते बघायला छान वाटतात मला पण, पण ते उन्हात वाळू दिले तर पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एकेका ठिपक्यात गोळा होतात, म्हणजे धुतल्यावर कोरडं करणं आलंच.

रोजची, उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर मी स्प्रे सीलंटच घ्या म्हणेन, दर दोन-तीन महिन्यांनी, आणि उरलेली मेहनत धुण्यावर घाला, आधी पाण्याच्या जोराने माती उडवा, मग भरपूर शॅम्पू, दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळायची. सिरॅमिक लावायचंच असेल तर आधी क्ले बार (रंगाला चिकटलेला बारीक मळ ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), गरज असेल तर पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा पूर्ण काढायचा, कारण खाली जो ओरखडा राहील तो वर्षभर तसाच दिसत राहणार. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी दोन-अडीच फुटाचाच चौकोन घ्या आणि बाजूने टॉर्च मारून बघत पुसा, जास्तीचं कुठे राहिलं आणि वाळलं तर काळपट पट्टा पडतो जो मग पॉलिशनेच निघतो. नंतर निदान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही.

काही महिन्यांनी पाणी मोत्यांसारखं न थांबता सपाट पसरायला लागलं तर लगेच थर गेला असं समजू नका, बरेचदा वर नुसता मळ बसलेला असतो. आधी शॅम्पूने नीट धुवा, मग परत पाणी ओतून बघा, आणि तरीही सपाटच राहिलं तर नवीन थर लावा.